पारवे, पुण्य आणि माळ्यावरची धूळ

पितृपक्ष सरत आला, घटस्थापना चार दिवसांवर येऊन ठेपली, की इंदुरातील जुन्या मराठी घराण्यांत एक ठरलेला क्रम सुरू होतो. रामबागेतल्या, आडा बाजारातल्या, मल्हारगंजातल्या वाड्यांची कुलपे निघतात. घरची माणसे केव्हाच राजेंद्रनगरला किंवा लोकमान्यनगरला राहायला गेलेली असतात. त्यांची मुले पुण्याला, बंगळूरला, कोणी त्याहूनही दूर. पण देव वाड्यातच आहेत आणि कुळाचारही तिथेच व्हायचा, म्हणून वर्षातून एकदा तरी सगळी मंडळी जमतात, जाळीजळमटे निघतात, शेणाने नाही तरी फिनाइलने जमीन पुसली जाते. मोठी पातेली आणि समया काढण्यासाठी कोणीतरी माळ्यावर चढते. माळ्याच्या झरोक्याची फळी केव्हाच निखळलेली असते. तिथून पारवे आत आलेले असतात आणि तुळयांवर त्यांनी आपला संसार थाटलेला असतो. तुळयांच्या खाली कुठे बोटभर, कुठे चांगला वीतभर थर साचलेला. वरून हाक येते, "अगं, कोणीतरी केरसुणी द्या वर!" केरसुणी वर जाते आणि पाचच मिनिटांत करड्या धुळीचा एक लोट जिन्यावरून खाली माजघरात उतरतो. सगळी खोकतात, पदर नाकाला लावतात, थोडी हसतात. संध्याकाळपर्यंत माळा लख्ख होतो.

आजच्या या अग्रलेखाचा विषय ती पाच मिनिटे आहेत.

आपले शहर २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांत सातत्याने अग्रस्थानी गणले गेले, आणि त्याचा अभिमान आपल्याला आहे; तो असावाही. ओला कचरा निराळा, सुका निराळा, हे येथल्या लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. परंतु नगरपालिकेची गाडी दारापाशी येते, माळ्यापर्यंत येत नाही. सज्जावर, वातानुकूलन यंत्राच्या मागे, कूलरच्या जाळीवर आणि बंद वाड्याच्या आढ्याखाली जे साचते, त्याचा निचरा ज्याचा त्यानेच करायचा असतो. आणि तो आपण ज्या रीतीने करतो ती रीत धोक्याची आहे. धोका पारव्यापासून जितका नाही तितका आपल्या केरसुणीपासून आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते ऐकायला थोडे चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पारव्याच्या वाळलेल्या विष्ठेत एक बुरशी चांगली वाढते. तिचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स. ही बुरशी शास्त्राला अपघातानेच भेटली. १८९४ साली इटलीत सान्फेलिचे यांना ती पीच फळाच्या रसात आढळली. त्याच साली जर्मनीत बुस्से यांना ती एका स्त्री-रुग्णाच्या नडगीच्या हाडातील व्रणात दिसली. एकीकडे फळाचा रस आणि दुसरीकडे माणसाचे हाड. या दोहोंना जोडणारा दुवा काय, हे पुढे कितीतरी वर्षे कोणाला उलगडले नाही. अमेरिकेतील चेस्टर एमन्स या संशोधकाने ही बुरशी प्रथम मातीतून वेगळी केली आणि १९५५ साली दाखवून दिले, की पारव्यांच्या घरट्यांत आणि त्यांच्या विष्ठेच्या जुन्या थरांत तिचा मोठा साठा असतो. तेव्हापासून जगातल्या अनेक शहरांतील जुन्या इमारतींत, मनोऱ्यांत, पोटमाळ्यांत ती सापडत आली आहे.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. ही बुरशी इतकी घातक, तर पारवे तिने मरत कसे नाहीत? त्याचे कारण पारव्याच्या अंगातील उष्णतेत आहे. पक्ष्याचे शरीर आपल्यापेक्षा बरेच गरम, सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते; त्या उष्णतेत ही बुरशी तग धरू शकते, पण नीट फोफावत नाही. त्यामुळे पारवा तिने क्वचितच आजारी पडतो. त्याच्या विष्ठेत मात्र नत्रयुक्त द्रव्ये भरपूर असतात आणि ती या बुरशीला अन्न म्हणून चालतात. त्यातही ताजी, ओली विष्ठा तिला तितकीशी मानवत नाही. तिथे जंतूंची गर्दी असते, अमोनियाची तीव्रता असते. उन्हात तर ती लवकर मरते. तिला हवी असते ती जुनी, वाळलेली, सावलीतील, पावसापासून आडोशाला असलेली विष्ठा, म्हणजे नेमकी आपल्या माळ्यावरची. तिथे ती महिनोन् महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. थराला कोणी हात लावला नाही, तर ती बव्हंशी तिथेच पडून राहते. तिला पंख देतो तो झाडणारा.

वाळलेल्या थरावर केरसुणी फिरली की त्याचा भुगा होतो. त्यातले जाड कण नाकात, घशात अडकतात. शिंक येते, खोकला येतो, आणि आपल्याला वाटते की धूळ गेली बाहेर. पण या बुरशीच्या सुकलेल्या पेशी आणि बीजाणू इतके सूक्ष्म असतात, की माणसाच्या केसाच्या जाडीचा वीस-पंचविसावा हिस्सा म्हणावा. ते नाकाच्या केसांना आणि घशाच्या ओलाव्याला चुकवून थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांत उतरतात. लोट खाली बसला असे डोळ्यांना दिसले, तरी हे सूक्ष्म कण त्यानंतरही बराच वेळ हवेत तरंगत असतात. पदर किंवा रुमाल नाकाला लावल्याने त्यांना अडथळा होत नाही.

एवढे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील मुलांच्या रक्ताची जी तपासणी २००१ साली प्रसिद्ध झाली, तीत असे दिसले की दोन वर्षांवरील बहुतेक मुलांच्या शरीराची या बुरशीशी गाठ पडून गेलेली होती, आणि ती मुले खेळत-बागडत होती. निरोगी माणसाचे शरीर तिला बहुधा मारून टाकते किंवा फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात कोंडून ठेवते. माणसाला त्याची वार्ताही नसते. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे कारण नाही. रोज सकाळी गच्चीवर पारवे बसतात म्हणून घर सोडण्याचेही कारण नाही.

मग भय कोणाला? ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळली आहे त्यांना. पूर्वी असे लोक थोडे होते. आता ते घरोघर आहेत, आणि हाच या विषयाचा मर्मभाग आहे. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन् महिने स्टेरॉइड घेणाऱ्या आजी, कित्येक वर्षांचा मधुमेह अंगावर वागवणारे आजोबा, मूत्रपिंडाचे रोपण झालेला काका, कर्करोगाचे उपचार चालू असलेली वहिनी, यकृत निकामी होत चाललेला कोणी, एच्‌आय्‌व्हीने बाधित कोणी. पूर्वीच्या पिढीत असे रुग्ण फार काळ जगत नसत. आधुनिक वैद्यकाने त्यांना आयुष्य दिले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या आयुष्याचे रक्षण करण्यासाठी घराच्या चालीरीतीही थोड्या बदलायला हव्या होत्या, त्या बदलल्या नाहीत. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने काय अनर्थ केला, हे वाचकांना सांगायला नको. ती बुरशी निराळी होती, तिची वाटही निराळी. पण साखर वाढलेले आणि स्टेरॉइड घेतलेले शरीर बुरशीला किती लवकर शरण जाते, हा धडा त्या दोन-तीन महिन्यांनी दिला. पुढच्याच वर्षी, २०२२ साली, जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरश्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील सर्वांत वरच्या वर्गात ज्या चार बुरश्या आहेत, त्यांत ही पारव्यांच्या संगतीतली बुरशी आहे.

दुबळ्या शरीरात ती काय करते? प्रथम फुप्फुसात बस्तान बसवते. खोकला हटत नाही, बारीक ताप राहतो, वजन उतरते, छातीत दुखते. आपल्या देशात ही लक्षणे सांगितली की मनात प्रथम क्षय येतो. छायाचित्रातला डागही कित्येकदा तसाच दिसतो, आणि मग क्षयाच्या औषधांत मोलाचे महिने निघून जातात. तिथून रक्तावाटे ती मेंदूच्या आवरणाकडे जाते. आठवडेच्या आठवडे डोके दुखत राहते, उलट्या होतात, दृष्टी अंधूक होते, माणूस विसराळू आणि चिडचिडा होतो. घरचे म्हणतात, वय झाले. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काळ्याभोर पार्श्वभूमीवर या पेशी दिसतात, आणि प्रत्येकीभोवती पांढऱ्या वलयासारखे तिचे जाड कवच. या कवचामुळेच शरीराच्या रक्षक पेशींना ती गिळता येत नाही. आता रक्तातील प्रतिजन शोधणारी सोपी, जलद चाचणीही निघाली आहे. औषधे आहेत आणि ती गुण देतात. पण ती वेळेवर मिळायला हवीत, आणि त्यासाठी कोणाला तरी ही शंका यावी लागते. अशी शंका यावी म्हणून रुग्णाने आपण होऊन सांगायला हवे, की मागच्या महिन्यात आम्ही वाड्याचा माळा झाडला होता.

या बुरशीची एक चुलत बहीण म्हणावी अशी दुसरीही आहे. तिला हिस्टोप्लाझ्मा म्हणतात. पनामा कालव्याचे काम चालू असताना, १९०५ साली, तिथे सॅम्युअल डार्लिंग या डॉक्टरांना एका शवविच्छेदनात ती प्रथम दिसली. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने सुपीक झालेल्या मातीत ती वाढते. आपल्या देशात तिचे रुग्ण विशेषतः गंगेच्या खोऱ्यात आढळले आहेत. तिच्या बाबतीत अमेरिकेत घडलेला एक प्रसंग फार बोलका आहे. १९७० च्या २२ एप्रिलला पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. ओहायो राज्यातील डेलावेअर गावच्या एका शाळेतील मुलांनी त्या दिवशी मोठ्या उत्साहाने शाळेच्या आतल्या चौकाची सफाई केली; पालापाचोळा ओढला, जमीन झाडली. त्या चौकात पूर्वी पक्ष्यांचा रात्रनिवारा असे. पंधरा दिवसांच्या आतबाहेर शाळेत तापाची आणि खोकल्याची साथ उसळली; जवळजवळ चारशे जण आजारी पडले. त्यांत चौकात पाऊलही न टाकलेले कित्येक होते. उडालेली धूळ हवा खेळवणाऱ्या यंत्रणेने वर्गावर्गांत पोचवली होती. पक्षी तिथे वर्षानुवर्षे राहत होते, तेव्हा अशी साथ आली नव्हती. ती आली स्वच्छतेच्या दिवशी. स्वच्छतेचा पुरस्कार मिळवणाऱ्या आपल्यासारख्या नगराने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा धोका बुरशीचा नाही, पण त्याच थरातून येतो, म्हणून त्याचाही उल्लेख केला पाहिजे. विष्ठेतील आणि पिसांवरच्या भुकटीतील प्रथिने वर्षानुवर्षे श्वासावाटे जात राहिली, तर काही जणांच्या फुप्फुसांना त्यांचे वावडे उत्पन्न होते. १९६५ साली अमेरिकन डॉक्टरांनी पारवे पाळणाऱ्यांत हा आजार ओळखला आणि त्याला त्यांचेच नाव दिले. आरंभी जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला राहतो. पुढे फुप्फुस चामड्यासारखे राठ होते आणि मग ते पूर्ववत होत नाही. आपल्या देशातील १९ शहरांतल्या २७ केंद्रांत फुप्फुस राठ होण्याच्या विकारांचे १०८४ रुग्ण पाहिले गेले. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ४७ टक्के रुग्णांचा आजार या वावड्याच्या जातीचा निघाला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध कूलरच्या हवेशी होता आणि काहींचा पक्ष्यांशी. माळव्याच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय कोणाचे चालते? आणि त्या कूलरवरच पारवे बसत असतील, तर दोन्ही कारणे एकाच खिडकीतून घरात येतात.

आता न्यायाची गोष्टही बोलली पाहिजे. सारा दोष पारव्याच्या माथी मारणे खरे नाही. आपल्याच मध्यप्रदेशात, जबलपूर येथे, संशोधकांनी जिवंत झाडांच्या ढोलीतील कुजलेल्या लाकडात हीच क्रिप्टोकॉकस बुरशी शोधून काढली. तो निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे तिचे माहेर कदाचित झाडांकडे असावे, पारव्यांच्या वसतीत तिला केवळ भरपूर अन्न मिळते. पारवे उद्या सगळे नाहीसे केले तरी ती सृष्टीतून जाणार नाही. पण झाडाची ढोली कोणी केरसुणीने झाडत नाही, माळा झाडतो. म्हणून पुन्हा तेच: प्रश्न साचण्याचा आणि उडवण्याचा आहे.

साचते ते का, याचाही विचार करू. पारवा मूळचा डोंगरकड्यांच्या कपारींत राहणारा. आपण शहरे बांधली आणि त्याला अधिक चांगले कडे मिळाले. राजवाड्याच्या सज्जांपासून नव्या वसाहतींच्या दहामजली इमारतींपर्यंत सर्वत्र कपारीच कपारी. त्यात भर पडली दाण्यांची. रानात त्याला दाणे शोधायला जितका वेळ लागला असता, तितका वेळ आता तो अंडी उबवण्यात घालवतो. जिथे रोज ज्वारीची परात रिकामी होते, तिथे आजूबाजूच्या प्रत्येक सज्जावर त्याची वीण वाढते. आणि दाणे टाकणाऱ्याच्या घरावर नव्हे, बहुधा शेजाऱ्याच्या घरावर. दाण्यांचे पुण्य एकाचे आणि धूळ दुसऱ्याची, असा हा हिशेब आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत याच हिशेबावरून वादळ उठले. कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला, दादरचा प्रसिद्ध कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. एका बाजूने भूतदयेचा गजर झाला, दुसऱ्या बाजूने आरोग्याचा. आम्हांला त्या वादातील खेद वाटण्यासारखी गोष्ट ही वाटली, की दया आणि आरोग्य ही जणू दोन वैरी राज्ये आहेत असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले. इंदूरकरांना तरी हे गृहीत धरण्याचे कारण नाही. कारण या प्रश्नाचा निवाडा आपल्या घरी दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे.

अहिल्याबाईंच्या भूतदयेविषयी जॉन माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात, १८२३ साली, जे लिहून ठेवले आहे, ते पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. महेश्वराजवळ उन्हाच्या तडाख्यात नांगराच्या बैलांना थांबवून बाईंचा सेवक पाणी पाजत असे. आणि बाईंनी विकत घेतलेल्या शेतांत पाखरांचे थवे उतरत असत. ही कथा कीर्तनांतून आणि व्याख्यानांतून आपण ऐकतो. २०२५ साली बाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, तेव्हाही ती ठिकठिकाणी सांगितली गेली. परंतु माल्कमने त्याच वाक्यात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती सांगणारे थोडे. शेतकरी आपल्या पिकावरून पाखरे हाकलतात ते योग्यच आहे, त्यांचे पोट त्या पिकावर आहे, असे बाई म्हणत. आणि म्हणूनच त्यांनी पाखरांसाठी निराळी शेते घेतली. पाहा, केवढा विवेक! पाखरांची कणव आली म्हणून त्यांनी शेतकऱ्याला पाखरे हाकलण्याची मनाई केली नाही. दुसऱ्याच्या शेतावर त्यांनी पुण्य केले नाही. स्वतःच्या पदरचे द्रव्य खर्चून, स्वतःच्या शेतात केले. आपण मात्र चार पैशांची ज्वारी शेजाऱ्याच्या खिडकीखाली उधळतो आणि अहिल्याबाईंचे नाव घेतो.

दाणे घालायचे असतील त्यांनी ते अवश्य घालावेत; पण वस्तीपासून दूर, मोकळ्या उन्हात, जिथे खाली कोणाची खिडकी नाही आणि पाऊस पडला की जमीन धुऊन निघते, अशा ठिकाणी. इस्पितळाच्या आवारात नको, शाळेच्या अंगणात नको, सज्जात तर मुळीच नको. चिमणीला वाटीभर पाणी ठेवण्यावर आमचा आक्षेप नाही; परातभर धान्याने पारव्यांची वसाहत वसवण्यावर आहे.

आता राहिला प्रश्न केरसुणीचा, आणि तिच्यामागच्या हाताचा. माळ्यावर चढते कोण? घरचे कर्ते पुरुष बहुधा खाली उभे राहून सूचना देतात. चढते ती धुणे-भांडी करणारी बाई, नाहीतर चौकातून दिवसाच्या मजुरीवर बोलावून आणलेला मुलगा, नाहीतर 'मीच करते, तुम्हांला काही सापडायचे नाही' असे म्हणत घरची आजी. त्या बाईला पुढे महिनाभराने खोकला लागला तर ती आपल्या घरी खोकते. डॉक्टर तिला विचारत नाहीत, आणि विचारले तरी माळ्याचा आणि खोकल्याचा संबंध तिला कसा कळावा? आपल्या कुळाचाराची शुद्धी दुसऱ्याच्या फुप्फुसांनी करून घेणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? आपल्याकडे सोवळ्याओवळ्याचा विचार पुष्कळ झाला. पण ज्याला खरोखर शिवू नये अशी वस्तू माळ्यावर पडली होती आणि ती आपण दुसऱ्याच्या हातून, नाकावर साधे फडके बांधून, काढवीत आलो.

उपाय अवघड नाहीत. आपल्या आज्यांना ते अर्धे ठाऊकच होते. मातीचे अंगण झाडण्यापूर्वी पाण्याचा हबका मारावा, म्हणजे धूळ उडत नाही, हे त्या कोणत्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. माळ्याच्या बाबतीत तेच करायचे. कोरडे झाडणे, ही एकच गोष्ट कटाक्षाने टाळावी. थरावर आधी पाण्याचा बारीक फवारा मारावा. जोराची धार नको, तिनेही कण उडतात. थर पुरता भिजून मऊ होईपर्यंत थांबावे. मग फावड्याने किंवा सुपलीने ओलाच उचलून जाड पिशवीत भरावा, तोंड घट्ट बांधावे आणि जागा ओल्या फडक्याने पुसावी. काम करणाऱ्याला हातमोजे आणि कोविडच्या दिवसांत सर्वांना परिचित झालेला एन्-९५ जातीचा मुखवटा द्यावा. साधे फडके चालत नाही. त्या वेळी घरातले पंखे आणि कूलर बंद ठेवावेत, खालची दारे लावून घ्यावीत. काम संपल्यावर कपडे तिथल्या तिथे बदलून धुवायला टाकावेत आणि स्नान करावे. वर सांगितलेल्या दुबळ्या प्रकृतीच्या माणसांनी त्या दिवशी वाड्यात येऊच नये. समया आणि पातेली त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीही तिथेच असतील. आणि थर वीतभर साचलेला असेल, पोतीच्या पोती निघणार असतील, तर ते घरगुती काम समजू नये. योग्य साधने असलेल्या जाणत्या कामगारांकडून, त्यांना पुरा मोबदला देऊन, ते करवून घ्यावे.

सफाई झाल्यावर झरोक्याला जाळी लावावी, नाहीतर पुढच्या घटस्थापनेला तोच प्रसंग. जाळी लावण्यापूर्वी आत अंडी-पिल्ले नाहीत एवढे पाहावे. पिल्लांना आत कोंडून मारणे हे ना दयेत बसते ना आरोग्यात. कूलरच्या जाळ्या दर उन्हाळ्याच्या आधी बदलाव्यात आणि त्याची वरची बाजू झाकावी. नव्या वसाहतींच्या समित्या वाहने कुठे उभी करावीत यावर रात्र-रात्र वाद घालतात. त्यांनी एक बैठक सज्जांच्या जाळ्यांसाठी घ्यावी. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या अशा वास्तूंची देखभाल करणाऱ्यांनी तिथल्या झाडणाऱ्या कामगारांच्या हाती खराट्याच्या आधी फवारा द्यावा. आणि शहरातील डॉक्टरांना आमची नम्र विनंती आहे: न हटणाऱ्या खोकल्याच्या रुग्णाला विडी-सिगारेटविषयी जसे विचारता, तसे 'घरात पारवे आहेत का?' हेही विचारावे. या एका प्रश्नाने काहींचे महिने वाचतील, काहींचे प्राण.

वाडे आता थोडे उरले. काही विकले गेले, काहींच्या जागी दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या, काहींच्या वाटण्या न्यायालयात रखडल्या आहेत. माणसे गेली आणि पारवे राहायला आले, अशीच पुष्कळांची कथा आहे. जे उरले आहेत त्यांचे कुलूप वर्षातून एकदा तरी निघते, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. ते निघत राहावे, समया उजळाव्यात, घट बसावेत. यंदा फक्त एवढे व्हावे, की माळ्यावरून केरसुणीची हाक आली, तर खालून कोणीतरी उत्तर द्यावे, "थांब, आधी पाणी पाठवते."